बोया दोन लाटांत एकदाच कलतोय? तरंगत्या लहर-ऊर्जा यंत्रातली लोळण वेळेत कशी ओळखायची

लक्षण साधारण असं असतं. समुद्र फार खवळलेला नाही, लाट मीटर-सव्वा मीटरची, वीज व्यवस्थित येतेय. मग दोन-तीन मिनिटांत वीज घसरते, मुअरिंगच्या, म्हणजे बोयाला तळाशी बांधून ठेवणाऱ्या, साखळ्यांवरचा ताण वाढतो आणि डेकवरच्या कॅमेऱ्यात क्षितिज एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पडायला लागतं. पाच-दहा मिनिटांनी सगळं आपोआप शांत होतं. नोंदवहीत ‘मोठी लाट आली असावी’ अशी ओळ पडते. आठवड्याने पुन्हा तेच. गंमत म्हणजे याहून मोठ्या, लांब लाटांत बोया निवांत असतो.

मग कुणी मुअरिंग बदलतं, कुणी सेन्सर बदलतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. उंच, सडपातळ बोयांत या लक्षणांमागे बहुतेक वेळा पॅरामेट्रिक रेझोनन्स असतो, म्हणजे वर-खाली हालचालीशी ताल जुळून वाढत जाणारी लोळण, आणि तो ओळखायची पहिली चाचणी फुकट आहे.

आधी मोजा, मग उघडा

कॅमेऱ्याचा तीन मिनिटांचा तुकडा घ्या. बोया वीस वेळा वर-खाली होईपर्यंत तो एका ठराविक बाजूला किती वेळा कलला ते मोजा. वीस वेळा कलला तर लाट त्याला थेट ढकलतेय, ते नेहमीचंच. दोन-तीनदाच कलला तर मुअरिंगवरची संथ वाहती हालचाल आहे, तिचा काळ मिनिट-दीड मिनिटाचा असतो. दहा वेळा कलला, म्हणजे दोन लाटांमागे एक झोका पडला, तर पुढचं वाचा.

इथे किती अंश कलला याला महत्त्व नाही, कोणत्या तालावर कलला याला आहे. दहा अंशांचा कल थेट लाटेमुळेही येतो आणि निरुपद्रवी असू शकतो. दोन अंशांचा, पण अर्ध्या तालावरचा आणि वाढत जाणारा कल मात्र मिनिटाभरात सोळा अंशांवर जाऊ शकतो. बहुतेक ठिकाणी अलार्म अंशांवर लावलेला असतो, म्हणून तो वाजतो तेव्हा करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

झोपाळा उभ्याने चढवतात तसंच

नागपंचमीला झाडाला बांधलेला झोका उभ्याने चढवताना मागून कुणी ढकलत नाही. टोकाला गेलं की गुडघे वाकवायचे, मधून जाताना ताठ व्हायचं. एका पूर्ण झोक्यात हे दोनदा होतं. ऊर्जा वर-खाली होण्यातून येते आणि झोक्यात जाते. अट एकच: वर-खाली होण्याचा वेग झोक्याच्या दुप्पट हवा.

बोयाचंही तेच. तो पाण्यातून वर आला की बुडालेला भाग कमी होतो आणि त्याला सरळ करणारी पकड ढिली पडते. खाली गेला की पकड घट्ट होते. बाहेर कलताना पकड ढिली आणि परत येताना घट्ट असा मेळ बसला की प्रत्येक लाटेला झोका थोडा वाढतो. हीव्हसाठी, म्हणजे वर-खाली हालण्यासाठी, आलेली ऊर्जा, जिच्यातून वीज काढायची होती, ती पिच आणि रोलमध्ये, म्हणजे पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे कलण्यात, गळते. वीज घसरते ती यामुळे.

दर्यावर्दींना हे नवं नाही. विल्यम फ्रूड यांनी १८६१ मध्येच जहाजांच्या लोळण्यात हे दोनास-एक प्रमाण धोक्याचं असल्याचं ओळखलं होतं. ऑक्टोबर १९९८ मध्ये उत्तर प्रशांत महासागरात ‘एपीएल चायना’ या कंटेनर जहाजाने वादळात अशीच लोळण घेतली आणि शेकडो कंटेनर समुद्रात गेले. लहर-ऊर्जेच्या बोयात अडचण आणखी एक पायरी वर आहे: जहाज हीव्ह टाळायला बघतं, आपण मुद्दाम हीव्हच्या रेझोनन्सवर बसतो, म्हणजे लाटेचा ताल बोयाच्या स्वतःच्या वर-खाली तालाशी जुळवतो. झोका चढवणाऱ्याला आपणच बळ पुरवतो.

धोका कोणाला? उंच आणि सडपातळ शरीर, हीव्हवर चालणारं. स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर आर्मिंत्सापुढच्या बायमेप चाचणी क्षेत्रात २०१६ मध्ये उतरवलेला ‘मार्मोक-ए-५’ आकाराने याच जातीचा: व्यास ५ मीटर, लांबी ४२ मीटर, आत हवेचा स्तंभ. तमिळनाडूत तुतीकोरिनपासून सुमारे ६ किलोमीटर आत, २० मीटर खोलीवर, आयआयटी मद्रासने नोव्हेंबर २०२२ मध्ये तपासलेल्या १०० वॉटच्या ‘सिंधुजा-१’ मध्येही तरंगता बोया आणि उभा दांडा अशीच जोडी आहे. याउलट केरळातलं विळिंजमचं १९९१ चं यंत्र तळावर बसवलेलं काँक्रीटचं होतं, त्याला हा रोग होणंच शक्य नव्हतं.

तुमच्या बोयाचे आकडे काढा

हिशेबासाठी एक सोपा दंडगोल घेऊ. व्यास ५ मीटर, पाण्याखाली २० मीटर, वजन सुमारे ४०० टन.

हीव्हचा नैसर्गिक काळ: बुडालेली खोली अधिक सोबत हलणाऱ्या पाण्याची समतुल्य लांबी, याला ९.८१ ने भागा, वर्गमूळ काढा, ६.२८ ने गुणा. सपाट तळाच्या दंडगोलाला समतुल्य लांबी साधारण त्रिज्येच्या ०.४२ पट, म्हणजे इथे १.०६ मीटर. २१.०६ चा हिशेब ९.२ सेकंदांवर येतो.

पिचचा काळ: तळापासून गुरुत्वमध्याची उंची ९.१३ मीटर धरा. उत्प्लावन केंद्र १० मीटरवर, त्यात पाणपातळीच्या वर्तुळाचे जेमतेम ०.०८ मीटर. म्हणजे मेटासेंटरची उंची, आपला जीएम (बोया किती जोराने सरळ होतो त्याचं माप), ९५ सेंटिमीटर. शरीराची परिभ्रमण त्रिज्या ६.५ मीटर आणि सोबतच्या पाण्याचं जडत्व धरून पिचचा काळ १८ सेकंद येतो.

१८ भागिले ९.२ म्हणजे १.९६. यंत्र कागदावरच सापळ्यात आहे. हीव्हच्या रेझोनन्सची लाट, जिच्यासाठी हा बोया बांधला, तीच पिचला पंप करणार.

आता किती पंप करणार ते बघा. बोया पाण्याच्या पातळीच्या तुलनेत १ मीटर वर आला की सरळ करणारी ताठरता ४५ टक्क्यांवर येते. १ मीटर खाली गेला की १६० टक्क्यांवर. म्हणजे दर मीटरला साधारण ५७ टक्के चढउतार. जीएम कमी असला की हे प्रमाण असंच अंगावर येतं, कारण खालचा भाजक लहान होतो.

मर्यादेचं सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे. ताल अचूक दुप्पट असेल तर ताठरतेतला चढउतार पिचच्या डँपिंग गुणोत्तराच्या (झोका किती लवकर विरतो त्याचं माप) चौपटीहून जास्त झाला की लोळण सुरू. ताल थोडा चुकत असेल तर डँपिंगच्या जागी डँपिंग आणि तालातल्या चुकीचं प्रमाण या दोहोंच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घ्या. आपल्या बोयात डँपिंग ५ टक्के, तालाची चूक २.२ टक्के. उत्तर येतं २२ टक्के चढउतार, म्हणजे सापेक्ष हीव्ह ३८ सेंटिमीटर. हाताच्या एका लांबीहूनही कमी.

ती १ मीटरवर गेली तर कल दर २२ सेकंदांना दुप्पट होतो. दोन अंशांचे सोळा व्हायला ६५ सेकंद, म्हणजे सात लाटा. अर्ध्या मीटरवर मात्र दुप्पट व्हायला ११० सेकंद लागतात. दहा मिनिटांच्या खिडकीवर स्पेक्ट्रम (कोणत्या तालावर किती ऊर्जा) काढणारी प्रणाली इथे कामाची नाही हे या दोन आकड्यांवरून कळेल.

‘सापेक्ष’ या शब्दाकडे दुर्लक्ष करू नका. लांब लाटेत बोया पाण्यासोबतच वर-खाली होतो, बुडालेली खोली फारशी बदलत नाही, पंप चालत नाही. म्हणून मोठ्या लांब लाटांत तो निवांत. रेझोनन्सवर बोया लाटेच्या पाव चक्र मागे पडतो. लाट अर्धा मीटर आणि हीव्ह एक मीटर असेल तर सापेक्ष हालचाल १.१२ मीटर होते. फक्त अ‍ॅक्सिलरोमीटरवरून हीव्ह काढून भागत नाही. बुडालेल्या भागावर, पाणपातळीच्या तीन-चार मीटर खाली, समोरासमोर दोन प्रेशर सेन्सर लावा आणि त्यांची सरासरी घ्या. कल त्या सरासरीत बहुतांश कटून जातो. लाटेचा दाब खोलीबरोबर थोडा विरतो, म्हणून सेन्सर खूप खाली नेऊ नका.

डँपिंग पुस्तकातून घेऊ नका

शांत पाण्यात ओढून सोडण्याची चाचणी करा. वर दिलेल्या बोयाला ८ अंश कलवायला, मुअरिंग गुरुत्वमध्याच्या पातळीवर असेल आणि दोर पाण्यावर ५ मीटर उंचीवर बांधला असेल, तर सव्वातीन-साडेतीन टनांची ओढ लागते. लहान टग पुरतो. झटक्यात सुटणारा हुक वापरा. दोर सैल सोडून दिला तर तो स्वतःच डँपिंग बनतो आणि उत्तर फुगवून देतो.

एका बाजूची लागोपाठची टोकं लिहा. ८, ५.८, ४.३ असे आकडे आले, म्हणजे दर झोक्याला ०.७३ पट, तर डँपिंग ५ टक्के. आता शेवटचे, दीड अंशाच्या खालचे झोके बघा. तिथे प्रमाण बऱ्याचदा ०.८८ च्या जवळ जातं, म्हणजे डँपिंग फक्त २ टक्के. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गात वाढत असल्याने मोठ्या झोक्यात डँपिंग जास्त दिसतं. पण लोळण सुरू होते ती लहान झोक्यात. मर्यादेच्या सूत्रात लहान झोक्याचंच डँपिंग घाला. मोठं डँपिंग एवढंच सांगतं की लोळण शेवटी कुठे थांबेल.

ही चाचणी पीटीओ, म्हणजे हालचालीतून वीज काढणारी यंत्रणा, चालू आणि बंद, दोन्ही स्थितींत करा. दोन आकडे वेगळे आले तर दोन्ही जपून ठेवा.

सेन्सर खोटं कुठे बोलतात

कल मोजायला अ‍ॅक्सिलरोमीटरवर विसंबू नका. बोया आडवा १ मीटर प्रति सेकंद वर्ग इतका जरी ढकलला गेला तरी तो ५.८ अंशांचा कल दाखवतो, प्रत्यक्षात कल शून्य असला तरी. जायरोचा कोनीय वेग थेट वापरा. १८ सेकंदांच्या काळाचा ५ अंशांचा झोका म्हणजे सेकंदाला १.७५ अंशांचा वेग, साध्या मेम्स जायरोलाही तो सहज दिसतो. कोन हवाच असेल तर वेगाचं संकलन (इंटिग्रेशन) करा आणि ६० सेकंदांहून संथ भाग काढून टाका. नमुने सेकंदाला १० पुरेत. वेळेचा शिक्का मात्र जीपीएसचा हवा, कारण प्रेशर, जायरो आणि लोड सेल तीन वेगळ्या लॉगरवर असले की दोन-तीन सेकंदांची चूक सहज शिरते आणि खालची सगळी परीक्षा नासते.

दुसरी फसवणूक दिशेची. गोल बोया मुअरिंगवर हळूहळू वळतो. काल पिच होता तो आज रोल. फक्त पिचचा चॅनेल पाहणाऱ्याला लोळण ‘कमी झाली’ असं वाटतं. शिवाय गोल शरीरात ती लाटेच्या आडव्या दिशेनेही उमटू शकते, जिथे थेट धक्का नसतो. म्हणून दोन्ही अक्षांचे मागचे ६० सेकंद घ्या, दोन बाय दोनचं कोव्हेरियन्स मॅट्रिक्स काढा आणि मुख्य अक्षावरचा (ज्या दिशेत झोका सर्वांत मोठा आहे तिच्यातला) वेग तपासा.

माथ्यावरची खूण

आता प्रत्यक्ष ओळख. एवढं गणित कोणताही पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा औद्योगिक संगणक, करू शकतो. बोया प्रत्येक वेळी हीव्हच्या माथ्यावर पोहोचला की त्या क्षणाचा कल लिहा. आपल्या बोयाचा, १ मीटर सापेक्ष हीव्हचा हिशेब असा दिसतो:

१.१, −१.४, २.०, −२.७, ३.५, −४.८, ६.३

चिन्ह दर लाटेला उलटतंय आणि आकडा सुमारे १.३४ पटीने वाढतोय. अर्ध्या तालावरचा झोका एका लाटेत बरोबर अर्धं चक्र पुढे जातो, म्हणून चिन्ह उलटतं. लाट थेट ढकलत असेल तर प्रत्येक माथ्यावर चिन्ह तेच राहतं. असंबद्ध कारण असेल तर चिन्हं विस्कळीत येतात.

दोन पथ्यं. पहिलं, झोका नेमका माथ्यावरच शून्यातून जात असेल तर आकडे फसवे लहान येतात. म्हणून हीव्ह वर जाताना मध्यातून जातो त्या क्षणीही नोंद करा आणि दोन रांगांपैकी मोठी रांग वापरा. दुसरं, नुसत्या चिन्हांवर जाऊ नका. पाच आकड्यांची चिन्हं योगायोगाने आलटून-पालटून येण्याची शक्यता सोळात एक आहे आणि तासाला ३९० लाटा येतात. म्हणून तीन अटी एकत्र लावा: पाच नोंदी आलटून-पालटून, प्रत्येक किमान १ अंश, आणि शेवटची पहिल्या दोनांच्या सरासरीच्या दीडपटीहून मोठी. वरच्या रांगेत पाचव्या नोंदीला, साडेतीन अंशांवर, अलार्म वाजतो. सोळा अंशांना अजून अर्ध्या-पाऊण मिनिटाचा अवकाश असतो.

खरा समुद्र एका तालाचा नसतो. लाटा थव्याने येतात. सहा-आठ मोठ्या लाटांचा थवा लोळण सुरू करतो, थवा गेला की ती मरते. म्हणून ‘पाच-दहा मिनिटांनी आपोआप शांत’. थव्यात ताल थोडा सरकतो आणि एखादं चिन्ह चुकतं. पाचपैकी एक चूक माफ केली तर पकड सुधारते, खोटे अलार्मही वाढतात. ते वाढू द्या. खोट्या अलार्मची किंमत काही मिनिटांची वीज, हुकलेल्या अलार्मची किंमत साखळी.

दुरून येणारं उधाण हे अलार्मचं सर्वांत मोठं दुखणं

अरबी समुद्र असो वा बिस्केचा उपसागर, लांबवरून आलेलं १६-१८ सेकंदांचं उधाण (स्वेल, म्हणजे दूर उठलेल्या लांब लाटा) आणि स्थानिक वाऱ्याच्या ८-९ सेकंदांच्या लाटा अनेकदा एकत्र असतात. आपल्या किनाऱ्यांवर ते दक्षिणेकडच्या महासागरातून येतं, स्थानिक वारा पडलेला असतानाही. मग कलाच्या स्पेक्ट्रममध्ये अर्ध्या वारंवारतेवर शिखर दिसणारच, पण तो पॅरामेट्रिक रेझोनन्स नव्हे. हे उधाण आहे, बोया त्यावर सरळ प्रतिसाद देतोय.

फरक हीव्हमध्ये सापडतो. हीव्हमध्येही १७-१८ सेकंदांवर ऊर्जा असेल तर उधाण. हीव्ह फक्त ९ सेकंदांवर आणि कल १८ वर, मध्ये दुवा नाही, तर लोळण. नियम असा ठेवा: कलाची अर्ध्या पट्ट्यातली ऊर्जा, म्हणजे मुख्य लहर-वारंवारतेच्या ०.४ ते ०.६ पटीतली, वाढली पण हीव्हची त्याच पट्ट्यातली ऊर्जा मागच्या अर्ध्या तासाच्या पातळीवरच राहिली, तरच अलार्म ग्राह्य. दोन्ही एकत्र असूही शकतात, आणि तेव्हा उधाण लोळणीला आयतं बीज पुरवतं. अशा दिवशी माथ्यावरच्या खुणेवर जास्त भरवसा ठेवा.

बाकीचे तोतये लवकर निपटतात. प्रवाहामुळे सुटणाऱ्या भोवऱ्यांचा ताल म्हणजे ०.२ गुणिले प्रवाहाचा वेग भागिले व्यास. ५ मीटरच्या बोयाला १८ सेकंदांचा ताल द्यायला १.४ मीटर प्रति सेकंद प्रवाह लागतो. एवढा प्रवाह नसेल तर हा संशयित सोडून द्या. कंट्रोलरची चूक असेल तर हालचाल हीव्हच्या तालावर वाढते आणि पीटीओ साध्या स्थिर डँपिंगवर टाकताच मरते. आत पाणी शिरलं असेल तर आधी सरासरी कल सरकतो. कप्प्यात मोकळं पाणी असेल तर जीएमही घटतो: ४.८ मीटर व्यासाच्या न विभागलेल्या कप्प्यात थोडंसं पाणी साचलं तरी आपल्या बोयात साडेसहा सेंटिमीटर जातात आणि पिचचा काळ १८ वरून १८.७ होतो. हा आकडा लहान वाटेल. पण ताल १.९६ वरून २.०३ होतो, म्हणजे दोनाच्या अलीकडून पलीकडे जातो. बिल्ज अलार्म (आत पाणी साचल्याचा) आणि लोळणीचा अलार्म एका आठवड्यात वाजले तर आधी पंप तपासा.

आणखी एक पायरी: मॉडेल चालू ठेवणं

खूण दिसायला कल आधीच वाढावा लागतो. त्याआधी कळायचं असेल तर बोयाचं छोटं गणित यंत्रावरच सतत जुळवत ठेवावं लागतं. समीकरण एवढंच: कोनीय प्रवेग म्हणजे तीन गोष्टींची बेरीज, एक भाग कोनीय वेगाचा, एक कोनाचा, आणि एक कोन गुणिले सापेक्ष हीव्हचा. हे तीन गुणांक रिकर्सिव्ह लीस्ट स्क्वेअर्सने (नव्या नमुन्यागणिक सुधारत जाणाऱ्या जुळवणीने) जुळवा. सेकंदाला २ नमुने आणि विस्मरणाचा गुणक ०.९९५ घेतला तर स्मरण १०० सेकंदांचं, म्हणजे पिचचे साडेपाच झोके. दर १० सेकंदांनी गुणांक काढून वरच्या मर्यादेच्या सूत्रात घाला, किंवा एका चक्राचा फ्लोके गुणक (एका चक्रात झोका किती पट होतो तो आकडा) काढा. तो १ च्या वर गेला की बोया अस्थिर, कल अजून अर्धा अंश असला तरी.

हे दोन ठिकाणी फसतं. बोया जवळजवळ स्थिर असताना जुळवणीला काही खाद्य नसतं आणि गुणांक भरकटतात. कोनीय वेगाचं आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) सेकंदाला ०.१ अंशाखाली गेलं की जुळवणी गोठवा. आणि लाटेचा थेट धक्का समीकरणात नसल्याने तो गुणांकांत शिरतो, डँपिंग ऋणही दाखवतो. डँपिंगला चाचणीतून आलेल्या आकड्याच्या निम्मी ते तिप्पट अशी चौकट घाला. ज्या संघाकडे ओढून सोडण्याच्या चाचणीचे आकडे नाहीत त्याने हा रस्ता धरू नये.

अलार्म वाजल्यावर

पीटीओचं डँपिंग वाढवा. सापेक्ष हीव्ह मर्यादेखाली आणायची, आपल्या उदाहरणात ३८ सेंटिमीटरच्या, आणि शक्यतो २५ वर. हवेचा स्तंभ असलेल्या बोयात टर्बाइनपुढचा व्हॉल्व्ह बंद केला तर स्तंभाची हालचाल दबते, पण बोयाची स्वतःची हीव्ह वाढू शकते. हे तुमच्या यंत्रात कोणत्या दिशेने जातं ते उतरवण्याआधी तपासून ठेवा.

सर्वांत सामान्य चूक उलटी असते: ‘यंत्र त्रासात आहे’ म्हणून पीटीओ मोकळा सोडतात. मग हीव्ह वाढते आणि लोळण दुप्पट वेगाने चढते. जास्त वीज काढण्यासाठी हीव्ह मुद्दाम वाढवणारे कंट्रोल, लॅचिंग (बोया क्षणभर धरून योग्य वेळी सोडणं) वगैरे, हेच करतात. ते चालू असताना अलार्मची पातळी निम्मी करा.

परत मूळ स्थितीवर यायची घाई नको. कल २ अंशांखाली येऊन पाच मिनिटं झाली की मगच. नाहीतर यंत्र अलार्मच्या कडेवर तासभर आत-बाहेर करत राहतं.

कायमचा इलाज म्हणजे ताल मोडणं. याच बोयात बॅलास्ट खाली नेऊन गुरुत्वमध्य ९.१३ वरून ८ मीटरवर आणला तर जीएम २.०८ मीटर होतो, पिचचा काळ १२.४ सेकंद, ताल १.३५. दर मीटरचा चढउतारही ५७ वरून २९ टक्क्यांवर येतो. पण १२ सेकंदांच्या लाटेला थेट पिच मिळतो, म्हणून जागेची लाट बघून ठरवा. बॅलास्ट हलत नसेल तर बुडालेल्या भागावर उभे पंख लावा. डँपिंग २ वरून ५ टक्के झालं तरी मर्यादा २१ सेंटिमीटरवरून ३८ वर जाते. गुळगुळीत, सुंदर शरीर इथे शत्रू आहे.

टाकीत आणि संगणकात का दिसलं नाही

रेषीय गणित पिचची ताठरता स्थिर धरतं, मग पंप चालणार कसा? वेक-सिम या लहर-ऊर्जा यंत्रांच्या संगणक-प्रणालीत क्षणोक्षणी बुडालेल्या पृष्ठभागावर हिशेब करणारा नॉनलिनियर पर्याय चालू करा, आणि रोलला अर्धा अंश सुरुवातीचा कल द्या. शून्यातून सुरू केलेला सममित बोया आडव्या दिशेला कधीच लोळणार नाही, संगणकाकडे बीजच नसतं.

टाकीत १:१६ प्रतिकृतीला काळ चौथाई होतो: हीव्ह २.३ सेकंद, पिच ४.५. जीएम ५९ मिलिमीटर. गुरुत्वमध्य ४ मिलिमीटरने चुकला तर जीएम ७ टक्क्यांनी चुकतो, म्हणून प्रतिकृती प्रत्यक्ष कलवून जीएम मोजा, कॅडमधला घेऊ नका. सेन्सरची केबल बाजूने लोंबू देऊ नका, एवढ्याशा प्रतिकृतीला ती मोठं डँपिंग देते. आणि वीस लाटांनंतर परावर्तनाच्या भीतीने चाचणी थांबवतात, तेव्हा मर्यादेजवळची लोळण नुकती कुठे डोकं वर काढत असते. अर्ध्या मीटरच्या उदाहरणात कल एका अंशावरून आठवर जायला ३५ लाटा लागतात. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळेत किंवा अन्यत्र वेळ आरक्षित करताना हे सांगूनच करा. अरुंद फ्ल्यूम (लांबट चाचणी-कालवा) असेल तर आडवी लोळण भिंतीला धडकते, रुंद बेसिन मागा.

उतरवल्यावर सहा महिन्यांनी ओढून सोडण्याची चाचणी पुन्हा करा. पाणपातळीजवळ शेवाळ, कालवं, बार्नेकल जमतात, वजन वर बसतं, जीएम कमी होतो, काळ सरकतो. पहिल्या चाचणीत १.८ वर सुरक्षित असलेला ताल पावसाळ्याच्या तोंडावर दोनाला टेकलेला सापडू शकतो.